पाय एकीकडे, चेंडू दुसरीकडे

एका वाचकबंधूंनी पाठविलेल्या पत्राला आज या सदरातून उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा सुटीच्या दिवशी शहराजवळच्या गोल्फच्या मैदानावर कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे काम करतो. संध्याकाळी घरी परतला की तो अंगणात वेळूची काठी घेऊन वाकडातिकडा उभा राहतो. नजर नारळाच्या झाडावर, आणि पायांची रेघ मात्र डावीकडच्या गोठ्याच्या दिशेने! कोणी हटकलेच तर म्हणतो, चेंडू आधी डावीकडे निघून मग उजवीकडे वळावा म्हणून असेच उभे राहावे लागते. पत्रलेखक विचारतात, “फादर, ही विद्या आहे की चाळा? आणि असल्या श्रीमंतांच्या, पैजा लावण्याच्या खेळात आमच्या मुलाने मन घालावे काय?”

दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इतिहासच देतो. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज या गावी समुद्रकाठचे माळरान आहे. तेथे ससे पाळण्याची परवानगी तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी गावाकडून १५५२ साली घेतली. त्या वेळच्या सनदेत, गावकऱ्यांचा त्या माळावर गोल्फ खेळण्याचा हक्क त्यांनी मान्य केला. म्हणजे आपल्याच धर्मसभेच्या एका आर्चबिशपांची मोहोर या खेळाच्या जुन्या दस्तऐवजावर आहे, आणि तो खेळ त्या काळी कोणाच्या खासगी बागेत नव्हे, तर गावाच्या गायरानासारख्या सामाईक जागेत चाले. भारतात तो इंग्रजांबरोबर आला, १८२९ साली कलकत्त्यात त्याची संस्था निघाली, आणि पुढे लष्करी छावण्या व राजेरजवाडे यांच्या आश्रयाने तो वाढला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आजही गोल्फचे मैदान आहे. तेव्हा श्रीमंती त्याला मागाहून चिकटली, हे उघड आहे.

आता पहिला प्रश्न. आम्ही स्वतः गोल्फ खेळत नाही. परंतु आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध कॅडीने चर्चच्या अंगणात आमचीच छत्री हाती घेऊन तासभर जे समजाविले, आणि पुढे वाचनात जे आले, त्यावरून आमचे मत असे झाले आहे की ही विद्याच आहे, आणि तीही चांगली काटेकोर. पुढील विवेचन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे. डावखुऱ्याने डावे-उजवे उलट करून घ्यावे.

ड्रायव्हर ही गोल्फमधील सर्वांत लांब काठी, सुमारे ४५ इंचांची. चेंडू लाकडाच्या लहान खुंटीवर, म्हणजे टीवर ठेवून पहिला दूरचा फटका हिनेच मारावयाचा असतो. हिच्या तोंडाचा उतार बेताचा, बहुधा ९ ते १२ अंशांचा. चेंडूचे वजन ४६ ग्रॅमच्या आतच असते आणि काठी त्याला जेमतेम सेकंदाचा दोन हजारावा भाग एवढाच वेळ शिवते. तेवढ्या क्षणात दोन गोष्टी ठरतात. एक, काठीचे तोंड कोणीकडे आहे. दुसरी, काठी कोणत्या वाटेने चालली आहे. तोंड आणि वाट एकाच दिशेला असतील, तर चेंडू सरळ जातो. तोंड वाटेच्या उजवीकडे उघडे असेल, तर चेंडूला तिरकी फिरकी मिळून तो उजवीकडे वळतो. तोंड वाटेच्या डावीकडे मिटलेले असेल, तर तो डावीकडे वळतो. बेताने उजवीकडे वळणाऱ्या फटक्यास ‘फेड’ म्हणतात आणि बेताने डावीकडे वळणाऱ्यास ‘ड्रॉ’. हीच वळणे हाताबाहेर गेली की त्यांना ‘स्लाइस’ आणि ‘हूक’ अशी नावे मिळतात. सद्गुण आणि दुर्गुण यांत पुष्कळदा मात्रेचाच भेद असतो, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको.

हवेत फिरणारा चेंडू का वळतो, याचा अभ्यास एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या सुमारास गोल्फच्याच चेंडूवर केला. त्यांचा मुलगा फ्रेडी याने १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची अजिंक्यस्पर्धा जिंकली. बाप गणित मांडतो आहे आणि मुलगा मैदान गाजवितो आहे, असे घर विरळाच! मात्र चेंडू निघतो कोणत्या दिशेने, याविषयी जुन्या पुस्तकांत एक चूक बराच काळ टिकून राहिली. ती पुस्तके सांगत की चेंडू काठीच्या वाटेने निघतो आणि शेवटी तोंडाच्या दिशेला पोचतो. म्हणून तोंड निशाणावर रोखावे आणि पाय डावीकडे वळवावेत. या शतकात रडारने फटके मोजू लागले, तेव्हा दिसून आले की चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंडच ठरविते, ड्रायव्हरच्या बाबतीत तर सुमारे पाच हिश्शांतील चार हिस्से. तोंड थेट निशाणावर ठेवून पाय डावीकडे वळविले, तर चेंडू जवळजवळ सरळच निघतो आणि वळून निशाणाच्या उजवीकडे जाऊन पडतो. पत्रलेखकांच्या चिरंजीवांनी हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. अंगणात त्यांचे हेच चुकत असावे, अशी आम्हांस शंका आहे.

तर मग उभे कसे राहावे? दोनशे पावलांवर एक झाड आहे असे धरू. तेवढ्या अंतरावर एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे साडेतीन पावले. चेंडू फेड करावयाचा असेल, तर पाय, गुडघे, कंबर आणि विशेषतः खांदे यांची रेघ झाडाच्या डावीकडे चौदा पावलांवर, म्हणजे चार अंश, रोखावी. काठीचे तोंड त्या रेघेच्या आणि झाडाच्या मधोमध, म्हणजे झाडाच्या डावीकडे सात पावलांवर असावे. मग काठी खांद्यांच्या रेघेने फिरू द्यावी. हाताने काही मुरडू नये. चेंडू झाडाच्या डावीकडे आठ-साडेआठ पावलांच्या रोखाने निघेल आणि हळूहळू झाडाकडे वळेल. ड्रॉ करावयाचा असेल, तर हेच सर्व उजव्या बाजूला करावे. किती अंश ठेवावे, हे ज्याच्या त्याच्या हाताने ठरते. दोन रेघांमधील प्रमाण मात्र ध्यानात राहिले पाहिजे.

चेंडूची जागाही महत्त्वाची आहे. काठीचे डोके खेळाडूभोवती कलत्या चाकासारखे फिरते. चाकाच्या तळाशी पोचेपर्यंत ते किंचित बाहेर, उजवीकडे चाललेले असते आणि तळ ओलांडल्यावर आत, डावीकडे येऊ लागते. ड्रायव्हरसाठी चेंडू सामान्यतः डाव्या टाचेच्या रेषेत ठेवतात. तो बोटभर पुढे सरकविला तर वाट डावीकडे झुकते आणि फेडला मदत होते; बोटभर मागे घेतला तर ड्रॉला. फार पुढे मात्र नेऊ नये, कारण तेथवर काठीचे तोंड मिटू लागते आणि केलेला बेत फसतो. फेडसाठी टी थोडी खाली दाबावी आणि ड्रॉसाठी थोडी उंच ठेवावी, असेही जाणते सांगतात.

नवशिक्यांचा चेंडू बहुधा उजवीकडे स्लाइस होतो. तो टाळण्यासाठी बिचारा आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्याने वाट अधिकच डावी होते, तोंड आणि वाट यांतील अंतर वाढते आणि चेंडू पूर्वीपेक्षा जोराने उजवीकडे पळतो. मग तो आणखी डावीकडे वळतो! आम्ही हे ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले, आणि लगेच काही घरांतील भांडणेही आठवली.

आणखी एक खबरदारी घ्यावी. चेंडू काठीच्या तोंडाच्या मध्यावर न लागता टोकाकडे लागला, तर तोंड जागच्या जागी फिरते आणि चेंडूला डावीकडे वळविणारी फिरकी मिळते. मुठीकडच्या बाजूस लागला, तर उजवीकडची. म्हणून पायांत फेरफार करण्याआधी तोंडावर खडूची पूड लावून फटका नेमका कोठे बसतो ते पाहावे. कित्येकांचे पाय निर्दोष असतात आणि सुधारणा त्यांचीच चाललेली असते.

या एका वळणावर माणसाची भाकरी कशी अवलंबून असते, हे अमेरिकेतील बेन होगन यांच्या चरित्रावरून कळते. टेक्सास प्रांतातील एका लोहाराचा हा मुलगा १९१२ साली जन्मला. नऊ वर्षांचा असताना पित्याने आत्महत्या केली. मुलाने स्टेशनवर वर्तमानपत्रे विकली, मग कॅडी झाला, आणि सतराव्या वर्षी पोटासाठी गोल्फ खेळू लागला. पण त्याचा चेंडू हूक होई आणि वर्षानुवर्षे खिसा रिकामाच राही. व्यावसायिक म्हणून एकट्याने पहिली स्पर्धा जिंकावयास त्याला १९४० साल उजाडले. पुढे त्याने डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे फिरवून काठीचे तोंड मिटणे आवरले, आणि हूकच्या जागी त्याच्या हाती खात्रीचा फेड आला. २ फेब्रुवारी १९४९ रोजी धुक्यात त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. पत्नीला वाचविण्यासाठी त्याने तिच्या अंगावर झेप घेतली. त्यानेच त्याचेही प्राण वाचले, पण हाडे मोडली. पुन्हा चालता येईल की नाही याची शंका होती. १९५० च्या जून महिन्यात मेरियन येथे, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली.

दुसरे नाव ली ट्रेव्हिनो यांचे. मेक्सिकन वंशाच्या या मुलाचे आजोबा डॅलसमध्ये थडगी खणण्याचे काम करीत. घरात वीज नव्हती, आणि शाळा लवकरच सुटली. तोही कॅडीचाच व्यवसाय! त्याचाही चेंडू हूक होई. होगन सराव करताना फेड मारीत आहेत हे पाहून त्याने आपला खेळ बदलला. तो निशाणाच्या बराच डावीकडे रोख धरून, पाय उघडे ठेवून उभा राही आणि चेंडू उजवीकडे वळवीत आणी. १९६८ साली त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. १९७१ च्या उन्हाळ्यात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या तिन्ही देशांच्या खुल्या स्पर्धा त्याने चार आठवड्यांच्या अवधीत जिंकल्या. गंमत अशी, की होगन यांनी आपल्या १९५७ च्या पुस्तकात ड्रायव्हरसाठी उजवा पाय किंचित मागे घेण्यास सांगितले आहे, म्हणजे ट्रेव्हिनोंच्या नेमके उलट. तरी दोघांचाही फेडच! पाय केवळ साहाय्य करतात. काठीचे तोंड आणि तिची वाट यांचा मेळ ज्याने त्याने आपल्या अंगाने बसवावयाचा असतो.

आपल्याकडेही दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ साली भारतीय खुली स्पर्धा जिंकली. परंतु असे अली शेर किती? पिशवी वाहून म्हातारे झालेले किती? पत्रलेखकांनी हे मुलासमोर स्पष्ट मांडावे. कॅडीची कमाई दिवसाची असते; पावसाळ्यात आणि आजारपणात हात रिकामे राहतात. म्हणून बारावीची परीक्षा होईपर्यंत सुटीच्या दिवसाखेरीज मैदानावर जाऊ देऊ नये, असे आमचे मत आहे. मैदानावरील पैजांचे पैसे मुलाने हाती धरू नयेत. मालक रागावला तरी चालेल.

खेळ हा मात्र पापाचा विषय नव्हे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी मनाच्या विश्रांतीसाठी खेळ आवश्यक मानला आहे आणि त्याचा अतिरेक तसाच त्याचा पूर्ण अभावही दोषच ठरविला आहे. तेथेच त्यांनी संत योहानाची जुनी आख्यायिका सांगितली आहे: शिष्यांबरोबर खेळताना पाहून लोक नाक मुरडू लागले, तेव्हा धनुष्य सतत ताणलेले ठेवले तर मोडेल की नाही, असे संतांनी एका तिरंदाजालाच विचारले.

राहता राहिली रविवारची मिस्सा. रविवारी सकाळी मैदानावर गर्दी असते, हे आम्ही जाणतो. धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. मुलाने शनिवारी यावे आणि येताना ती वेळूची काठी घेऊन यावी. चर्चमागचे मैदान मोकळे आहे, आणि आमचा वृद्ध कॅडी शनिवारी तेथेच असतो.