वीकेण्ड फंडा : आधी अंघोळ, मग कुंड!

सोमवार ते शुक्रवार मॉनिटरसमोर मान मोडेपर्यंत बसायचं आणि शनिवारी तीच मान कुणाकडून तरी दाबून घ्यायला हजार-दोन हजार रुपये मोजायचे. आपल्या पिढीचा हा एकदम ठरलेला व्यवहार! त्यात हल्ली स्पावाले 'मिनरल हॉट बाथ' नावाचं प्रकरण विकतात. मेणबत्त्या, बासरीची सीडी, गुलाबाच्या पाकळ्या आणि गीझरचं पाणी. बॉस, खरंखुरं जमिनीतून उकळत येणारं पाणी अंधेरीपासून दोन-अडीच तासांवर आहे, आणि त्यावर कुणाच्या बापाचा गीझर लावलेला नाही!

तर मंडळी, या आठवड्याचा फंडा आहे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. ठाणे जिल्हा, भिवंडी तालुका, तानसा नदीचा काठ. तिन्ही गावं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. आई-बाबांच्या पिढीला ही नावं पाठ आहेत, कारण त्यांच्या वेळी 'गुडघे धरलेत' म्हटलं की पहिला सल्ला वज्रेश्वरीचाच असायचा. आता याच भागात एका दिवसाच्या गाईडेड ट्रिप्स निघतात. सकाळी बस, वाटेत पोहे, कुंडात डुबकी, नदीकाठी भटकंती, जेवण, देवळं आणि रात्री घरी. अशाच एका ट्रिपला आम्ही पंधराजण गेलो होतो.

नावातच ऊन आहे

अहमदाबाद हायवेवर शिरसाड फाट्याला बस उजवीकडे वळली आणि तुंगारेश्वरचे डोंगर सोबतीला आले, तशी गाईडने माइक घेऊन पहिला प्रश्न टाकला. "उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर. या गावांत कॉमन काय?"

कुणी म्हणालं देव, कुणी म्हणालं कोकण. उत्तर सोपं होतं, ऊन! आजी 'ऊन ऊन भात' वाढते ना, तेच ऊन. म्हणजे गरम. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. सगळीकडे गरम पाण्याचे झरे आहेत. नकाशात 'ऊन' दिसलं की टॉवेल घेऊन निघायचं, इतकं सोपं!

आमच्यात एक मुलगी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरची होती. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, आता मुंबईत नोकरी करणारी. ती म्हणाली, "आमच्याकडे उन्हाळा पंचेचाळीस डिग्रीचा, पण उन्हाळं एकही नाही. हा काय न्याय झाला?" बस हसली, पण प्रश्न एकदम करेक्ट होता. गाईडनेही तो उडवून लावला नाही.

पाणी तापतं कसं?

वज्रेश्वरीचं देऊळ ज्या मंदागिरीच्या टेकडीच्या परिसरात आहे, तो डोंगर जुना ज्वालामुखी आहे आणि म्हणून पाणी गरम, असं इथे बरेचजण छातीठोक सांगतात. ऐकायला भारी वाटतं. पण दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तो कधीच गार झालाय.

खरी गंमत वेगळी आहे. जमिनीत जसजसं खाली जावं, तसतसं तापमान वाढत जातं. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून झिरपत खूप खोल उतरतं, तिथे तापतं, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून भराभर वर येतं. वाटेत गार व्हायला वेळच मिळत नाही! म्हणजे कुंडात तुमच्या अंगाला लागतं ते आपलं पावसाचंच पाणी, फक्त जमिनीच्या पोटात फिरून आलेलं. येताना ते खडकातले क्षार सोबत आणतं, म्हणून त्याची चव आणि वास वेगळा.

यासाठी खोल भेगा हव्यात, आणि त्या सगळीकडे नसतात. पश्चिम किनाऱ्याला समांतर अशा भेगांची लांबच लांब रांग आहे. म्हणून उत्तरेला पालघरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत झऱ्यांची माळच दिसते. दुसरी अशी रेषा तापी-नर्मदेच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्याशी जाते. विदर्भवाल्यांसाठी गुड न्यूज अशी की, अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सालबर्डीला गरम पाण्याचा झरा आहे. नागपूरहून एका दिवसात होऊ शकतं. जवाहरनगरच्या मॅडमनी लगेच मोबाइलमध्ये नोंद केली.

कुंडावरची आजी

आमच्या गाईडने एक हुशारी केली. देवळाआधी थेट अकलोली गाठली. रविवारी दहा वाजल्यानंतर कुंडांवर जत्रा असते, आठ वाजता बरीच शांतता. नदीकाठी शंकराचं देऊळ, त्याला लागून बांधीव चौकोनी कुंडं, पाण्यावर हलकी वाफ. पलीकडे तानसा वाहतेय, झाडीतून पक्षी ओरडतायत. बघताक्षणी 'वॉव' म्हणावं असं! मग नजर खाली जाते. पायऱ्यांवर शाम्पूच्या पुड्या, साबणाच्या वड्यांचे कागद, कुणाचं तरी सोडून दिलेलं बनियन. आणि तो 'वॉव' घशातच राहतो.

आमच्यातले दोन-तीन उत्साही वीर हातात साबणाची डबी घेऊन उतरायच्या तयारीत होते. तेवढ्यात कडेला पाय सोडून बसलेल्या एका आजीने त्यांना अडवलं. "बाळा, आधी तिकडे नळावर अंग धू, मग इथे उतर. या पाण्यात माझ्यासारखी कितीतरी माणसं बसतात."

साध्या शब्दांत सांगितलेली ही गोष्ट जपानमध्ये अख्ख्या देशाचा नियम आहे! तिथल्या गरम झऱ्यांना ओन्सेन म्हणतात. तिथे आधी बाजूला बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, साबण पूर्ण धुऊन टाकायचा, आणि मगच कुंडात उतरायचं. कुंड अंग धुवायला नसतंच, ते शेकायला असतं. आइसलँडमध्येही गरम पाण्याच्या तलावात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा. तिथे जाऊन हे नियम आपण गुपचूप पाळतो, फोटो टाकतो, कौतुक करतो. अकलोलीत आल्यावर मात्र आपल्याला साबणाची डबी आठवते.

आजी दर आठ-पंधरा दिवसांनी जवळच्या गावातून एसटीने येतात. गुडघ्यांसाठी. स्पा, फिजिओथेरपी वगैरे त्यांच्या हिशोबात नाही. आपल्यासाठी ही एका रविवारची धमाल आहे, त्यांच्यासाठी पुढचे आठ दिवस जिना चढता येण्याचा प्रश्न. ट्रिपच्या पॅकेजमध्ये या आजींचा उल्लेख नसतो, पण कुंड आधी त्यांचं आहे. आपण पाहुणे. पाहुण्यासारखं वागायचं, इतकंच.

गाईडचा दुसरा नियम मोबाइलचा. कुंडाजवळ सगळ्यांचे फोन बॅगेत! सुरुवातीला कुरकुर झाली, पण आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या मुली पाण्यात उतरल्या त्या या एका नियमामुळे. कोपऱ्यात कुणी कॅमेरा धरून उभं असेल, तर बायका कुंडाच्या काठावर बसून पाय भिजवण्यापलीकडे जात नाहीत. एरवी अशा ठिकाणी हेच दिसतं.

बरं वाटतं, पण काय बरं होतं?

गरम पाण्यात स्नायू सैलावतात, आखडलेले सांधे मोकळे होतात. इथपर्यंत सगळं खरं. 'त्वचेचा कुठलाही रोग जातो' हे मात्र डोळे झाकून मानू नका. उलट गजकर्णासारखा संसर्ग किंवा उघडी जखम असेल तर कुंडात उतरूच नये, स्वतःसाठीही आणि शेजाऱ्यासाठीही.

दुसरं म्हणजे तापमान. काही कुंडं नुसती कोमट, तर काहींचं पाणी ५० अंशांच्या आसपास. हॉट टबसाठी ४० अंश ही वरची मर्यादा मानतात, यावरून अंदाज घ्या! आधी हात, मग पाय, मग कंबर, या क्रमाने उतरा. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या. सावकाश उठा, नाहीतर चक्कर येते. ब्लडप्रेशर, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि आदल्या रात्रीची पार्टी अंगात असेल, तर सरळ काठावर बसा.

तिसरी गोष्ट, डोकं पाण्याबाहेर ठेवा. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर जीवघेणा ठरतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, तेव्हा हे नाव सगळ्यांच्या कानावर आलं. असे प्रकार अत्यंत दुर्मीळ आहेत, घाबरून ट्रिप रद्द करायची गरज नाही. फक्त सूर मारणं आणि नाक बुडवणं टाळायचं. मानेपर्यंतच मजा आहे!

बावन्न पायऱ्या आणि एक नदी

कुंडातून बाहेर आल्यावर जी भूक लागते, तिला तोड नाही. गरमागरम पोहे आणि चहा झाला की वज्रेश्वरीचं देऊळ. दगडी तटबंदी बघून आधी किल्लाच वाटतो. वसईच्या मोहिमेवर निघालेल्या चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला मिळाला आणि मग हे देऊळ उभं राहिलं. बावन्न पायऱ्या चढून वर गेलं की खाली सगळा हिरवा पट्टा दिसतो. इथली कथा सांगते की, देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे गरम झरे. भेगांची गोष्ट ऐकल्यानंतरही ही कथा ऐकायला मजा येते.

दुपारी गणेशपुरी. नित्यानंद महाराज १९३६ मध्ये इथे येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी इथेच देह ठेवला. जवळच भीमेश्वराचं जुनं देऊळ आणि त्याला लागून कुंडं. संध्याकाळची शांतता अनुभवायची तर इथेच.

आणि तानसा. वरच्या बाजूला याच नदीवर १८९२ साली धरण झालं, त्याचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. म्हणजे ही नदी आपल्याला घरपोच गार पाणी देते आणि काठावर गरमही. तिच्यात प्लास्टिकची पिशवी टाकताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

बॅग भरताना

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात डोंगर झक्कास दिसतात, पण नदीपात्रातली कुंडं पुराखाली जातात आणि प्रवाह धोकादायक असतो. पोहायला नदीत कधीच उतरू नका.

कसे जाल : पश्चिम रेल्वेने वसई रोड किंवा विरार, तिथून पुढे रस्त्याने. गाडी असेल तर शिरसाड फाट्यावरून.

काय न्याल : सैल सुती कपडे, टॉवेल, चपला, प्यायचं पाणी, ओले कपडे ठेवायला पिशवी. अंगठ्या, चेन घरी.

गाईडला काय विचाराल : कुंडावर किती वाजता पोचणार? बायकांच्या कपडे बदलण्याची सोय काय? ग्रुप किती जणांचा? आणि कचरा परत कोण आणणार? 'बघू, तिथे गेल्यावर' असं उत्तर आलं तर दुसरा गाईड शोधा.

मग, येत्या रविवारी निघताय ना? कुंडावर आजी भेटल्या तर त्यांना आधी जागा द्या. आणि साबणाची डबी घेतली असेल, तर ती फक्त नळावर उघडा!