मैदानावरची बाई

मैत्रिणींनो, परवा आमच्या सोनाळ्यात बचत गटाच्या बैठकीत एक आई म्हणाली, "पोरगी म्हनते, बी.पी.एड. करतो. खेळ शिकून का पोट भरते ताई?"

मला गोव्याच्या मेमोल रॉकी आठवल्या. आधी भारताकडून फुटबॉल खेळल्या, मग प्रशिक्षक झाल्या. २०१७ मध्ये त्या भारताच्या महिला संघाच्या पहिल्या पूर्णवेळ महिला मुख्य प्रशिक्षक झाल्या. (बायकांच्या संघाला बाई मिळायला इतकी वर्षं लागली, बघा!) २०१८ मध्ये त्यांच्या संघाने ऑलिम्पिक पात्रतेची पहिली फेरी प्रथमच ओलांडली. २०१९ मध्ये नेपाळला त्यांच्याच भूमीवर हरवून सॅफ करंडक आणला. २०२१ मध्ये वैयक्तिक कारणाने त्यांनी पद सोडलं.

आपल्याकडे पोरगी मोठी झाली की तिचं मैदान सुटतं. पोट दुखतंय, हे ती सरांना कसं सांगणार? तिथे बाई असली तर सांगेल, आणि आईही बिनघोर पाठवेल. म्हणून मला ही बी.पी.एड.वाली पोर गावाला हवी आहे.

आईला म्हटलं, फॉर्मची तारीख चुकवू नका. ती म्हणाली, "तिच्या बापाले तुम्हीच सांगा."

उद्या संध्याकाळी जाते आहे.