नकार देण्याइतका पगार

1 ऑगस्ट 2025 रोजी खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर दिवसभर एकच फोटो फिरत राहिला. कुणी खाली ‘माशाअल्लाह’ लिहिलं, कुणी ‘अपना बंदा’. साविओ मेदेरांनंतर तेरा वर्षांनी एक भारतीय माणूस या जागेवर बसला होता, त्यामुळे आनंद रास्तच होता. महिनाअखेरीला ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवलं, पुढे ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. फोटो पुन्हा फिरला. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाला, आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 ने हरवलं. तोवर स्टेटसवरून फोटो उतरले होते.

या चढउतारावर लिहायला क्रीडा पत्रकार आहेत. मला बोलायचंय ते जमील स्वतः खेळत होते त्या वर्षांबद्दल. त्या वर्षांचा फोटो कुणी टाकत नाही, आणि जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या कामाचं त्यातच जास्त आहे.

जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. आईवडील मूळचे पंजाबचे, फुटबॉल मात्र मुंबईचं. ते मिडफिल्डर होते. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, गोल वाचवणाऱ्याचंही येतं. मधला माणूस चेंडू काढून घेतो, दोन पावलं टाकतो, पुढे देतो आणि परत मागे धावतो. 1997 मध्ये ते महिंद्राकडून खेळू लागले. मग चार वर्षं एअर इंडिया, 2002 मध्ये पुन्हा महिंद्रा युनायटेड, 2007 मध्ये नव्यानेच निघालेला मुंबई एफसी. भारताच्या जर्सीत सामने मोजकेच मिळाले. दुखापतींनी पिच्छा सोडला नाही आणि 2009 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, खेळणं थांबलं. आकडे एवढेच. कुणी म्हणेल, यात काय विशेष?

त्या काळात भारतीय फुटबॉलची राजधानी कोलकाता होती. नाव, गर्दी, पैसा, सगळं तिथेच. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचं बोलावणं आलं की खेळाडू बॅग भरायचा. जमील यांना या दोन्ही क्लबांकडून विचारणा झाली होती आणि त्यांनी नाही म्हटलं. क्रीडा पानांवर याचं कारण अनेकदा छापून आलंय: दोन्ही क्लबांमागे दारू कंपनीचा पैसा होता. 1998 पासून विजय मल्ल्यांचा यूबी समूह दोन्हीकडे आला होता. नुसतं छातीवर बोधचिन्ह नव्हतं, क्लबचं नावच ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ आणि ‘किंगफिशर ईस्ट बंगाल’ झालं होतं. (पुढे प्रशिक्षक म्हणून ते या दोन्ही क्लबांत गेले, हेही खरं आहे. जर्सी घालून धावणं आणि बाकावर बसून संघ चालवणं यात फरक आहे का, यावर चहाच्या टपरीवर खुशाल वाद घाला. फतवा काढणं माझं काम नाही.)

ही गोष्ट बयानात सांगायला फार सोयीची आहे. बघा, ईमानवाल्याने दुनिया ठोकरली! मुलं ऐकतात, मान हलवतात आणि बाहेर येऊन मोबाइल उघडतात. गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. जमील नाही म्हणू शकले, कारण मुंबईत त्यांना पगार देणारा दुसरा कुणीतरी होता. अगोदर एअर इंडिया, नंतर महिंद्रा. कोलकात्याला जायचं नाही म्हणजे फुटबॉल सोडायचा, असा तो सौदा नव्हता. आणि ते ‘दुसरं’ काही दुय्यम नव्हतं. याच महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये कोलकाता आणि गोव्याच्या क्लबांना मागे टाकून राष्ट्रीय लीग जिंकली.

आपल्या पिढीला ‘ऑफिस टीम’ हा शब्द समजावून सांगावा लागतो. बँका, रेल्वे, तेल कंपन्या, विमा, पोलीस, कारखाने यांचे संघ असायचे. खेळाडूला नोकरी मिळायची. सकाळी सराव, मग हजेरी. गुडघा गेला तरी टेबल आणि भविष्य निर्वाह निधी शाबूत. यात श्रीमंती नव्हती, पण बापाच्या ‘फुटबॉलने पोट भरतं का?’ या प्रश्नाला उत्तर होतं. आज ते उत्तर जवळजवळ पुसलं गेलंय. 1962 पासून चाललेला महिंद्राचा संघ 2010 मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ 2013 नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. मुंबई एफसी 2017 मध्ये लीगमधून खाली गेला आणि विसर्जित झाला. म्हणजे जमील ज्या तीन संघांतून खेळले, त्यांतला एकही त्या रूपात उरलेला नाही. उरला तो लिलाव-करारांचा, टीव्हीचा फुटबॉल. त्याचीही तऱ्हा बघा: 2025 मध्ये व्यापारी हक्कांच्या घोळात आयएसएलचा हंगाम लांबणीवर पडला आणि बेंगळुरू एफसीसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले.

बाहेरची उदाहरणं आपण मोठ्या हौसेने सांगतो. सेव्हियाच्या फ्रेडरिक कनुटेने 2006 मध्ये जुगाराच्या संकेतस्थळाचं नाव असलेली जर्सी घालायला नकार दिला. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने बीअर कंपनीचं चिन्ह अंगावर घेतलं नाही. मला दोघांबद्दल आदर आहे. पण ते ज्या दर्जाचे खेळाडू होते, त्यांची अट मान्य करणं क्लबला आणि बोर्डाला परवडणारं होतं. जमील तसे सितारे नव्हते. मोजक्या सामन्यांच्या, दुखापतींनी हैराण मिडफिल्डरच्या अटीसाठी कुणी मॅकडॉवेलचं नाव काढलं नसतं. त्यांना दुसरं दार हवं होतं आणि नशिबाने ते उघडं होतं.

आता धुळ्याच्या शंभर फुटी रोडवरच्या किंवा जळगावच्या मेहरूणमधल्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाचा विचार करू. उर्दू शाळेच्या संघातून सुब्रतो कपची जिल्हा फेरी खेळला. पायात कला आहे. अब्बा पावरलूमवर आहेत, किंवा केळीच्या ट्रकवर भरणी करतात. सतराव्या वर्षी त्याच्यापुढे दोन गोष्टी असतात: गॅरेज, नाहीतर सुरतचं तिकीट. फुटबॉल उरतो तो रात्रीच्या स्पर्धांपुरता, पाच-सात जणांच्या संघात. जर्सीवर कधी नगरसेवक, कधी बिल्डर, मध्यंतरी रमीचं किंवा ‘टीम बनाव’वालं ॲप. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा देशाच्या क्रिकेट संघाच्या जर्सीवरूनच ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं. देश तो पैसा छातीवर मिरवत होता आणि आपण मोहल्ल्यातल्या पोराला सांगत होतो, बेटा, ती जर्सी घालू नकोस. बरोबरच सांगत होतो. पण त्याऐवजी दुसरी जर्सी कुणी दिली? साडेतीनशे रुपयांची जर्सी आणि बुटांची एक जोडी देणारा मोहल्ल्यात कुणी नसेल, तर त्या उपदेशाचा भार एकट्या सोळा वर्षांच्या मुलावर पडतो. हे मला पटत नाही.

‘आपल्याकडे फुटबॉलचं वातावरणच नाही’ हे तर कायमचं पालुपद. जमील यांनी 2017 मध्ये ज्या ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली, ते शहर किती मोठं आहे माहितेय? 2011 च्या जनगणनेत 2 लाख 93 हजार. धुळं तेव्हा पावणेचार लाखांचं होतं आणि जळगाव 4 लाख 60 हजारांचं. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला आणि नशिबाने पुन्हा घेतला गेलेला हा क्लब. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना 1-1 असा सुटला आणि ऐजॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकलं. ईशान्येकडच्या क्लबचं ते पहिलं विजेतेपद. जमील यांच्याशी ज्या मुंबई एफसीचा संबंध आदल्या वर्षी संपला होता, तो त्याच हंगामात तळाला राहिला. आपल्याला ही परीकथा वाटते, पण तिच्या आधी काय घडलं तेही पाहा. मिझोरमने 2012 मध्ये स्वतःची लीग सुरू केली, स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने दाखवले, 2014 मध्ये राज्याने संतोष ट्रॉफी जिंकली. म्हणजे जमील तिथे पोहोचले तेव्हा मुलं तयार होती.

एवढं लांब कशाला, कोल्हापूर बघा. तिथल्या तालमींनी आणि पेठांनी फुटबॉल वाढवला. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल या नावांवर शाहू स्टेडियम भरतं. त्याच शहराचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तालमी होत्या कुस्तीसाठी. लोकांनी त्यांना फुटबॉल शिकवला. आपल्याकडे तालमी कमी असतील, पण जमाती आहेत, अंजुमन आहेत, शिक्षण संस्था आहेत, शादीखाने आहेत. जळगाव जिल्ह्यात तर भुसावळसारखं रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे, जिथे क्रीडा कोट्यातून भरती म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कमी आहे ते नियमित चालणाऱ्या लीगची. वर्षातून एक रात्रीची स्पर्धा, फटाके, डीजे आणि एक लाखाचं पहिलं बक्षीस म्हणजे लीग नव्हे. तेच एक लाख रुपये वीस रविवारांवर पसरले तर पोरं तयार होतील.

आणि एका गोष्टीवर माझं ठाम मत आहे: पहिला खर्च खेळाडूंवर नको, प्रशिक्षकांवर करा. जमील बत्तिसाव्या वर्षी खेळणं थांबवून त्याच वर्षी मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि तुटपुंज्या पैशांत सात वर्षं तो संघ वरच्या श्रेणीत टिकवला. मग ऐजॉल, कोलकाता, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर. आयएसएलमध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नेमले गेलेले ते पहिले भारतीय. हे सगळं एएफसीचा प्रो परवाना मिळेपर्यंतच्या पायऱ्या चढून झालं. त्या पायऱ्यांचा तळ आपल्या आवाक्यात आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ई आणि डी दर्जाचे अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी भारताकडून खेळलेलं असावं लागत नाही. गॅरेजमध्ये गेलेला तो पंचविशीतला मिडफिल्डर, ज्याला खेळ कळतो, तो तिथे बसू शकतो. फी आणि चार-सहा दिवसांची बुडालेली मजुरी, एवढाच प्रश्न. जकातीतून द्यावं की नाही हे आलिमांना विचारा. लिल्लाहच्या पैशाला तर कुणी अडवलेलं नाही.

सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर ‘मैदान’ चित्रपट आला तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले. 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण मिळवून देणारे रहीमसाहेब हैदराबादचे शाळामास्तर होते. पुन्हा तेच: एक नोकरी आणि तिच्या आधारावर उभा राहिलेला फुटबॉल.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. त्यासाठी ठरावीक पातळीची कामगिरी आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. आपली मुलं मेडल कपाटात ठेवतात आणि कागद हरवतात. एका क्रीडाशिक्षकाने फाइल नीट ठेवली, तर हे थांबतं.

मैदानाचंही तसंच. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिकांना चार प्रश्न विचारायचे: आमच्या प्रभागात मैदानासाठी राखीव भूखंड कोणते, आज त्यांचा ताबा कुणाकडे आहे, गेल्या पाच वर्षांत त्यांवर किती रुपये खर्च झाले, आणि मुलींच्या सरावासाठी कोणती वेळ ठरवलेली आहे.