टूमरच्या कोपऱ्यावरील दोन ओक वृक्ष

माणसाला जन्माने एक आडनाव मिळते आणि शिक्षणाने दुसरे. ज्या महाविद्यालयात ऐन तारुण्याची तीन-चार वर्षे गेली, त्याचे नाव आयुष्यभर सोबत राहते. विवाहाच्या परिचयपत्रात ते लिहिले जाते, पेढीवर नवा माणूस आला की आवर्जून विचारले जाते, आणि साठी उलटलेले सद्‌गृहस्थही ते नाव ऐकताच क्षणभर अठरा वर्षांचे होतात. हा अभिमान स्वाभाविक आहे, पुष्कळदा उपकारकही आहे. शिक्षणसंस्थांना मिळणाऱ्या इमारती, ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्या यांच्यामागे हीच भावना असते. मात्र या अभिमानाला खेळाच्या मैदानाची जोड मिळाली, म्हणजे त्याचे बळ वाढते आणि त्याचा धोकाही वाढतो. दोन्हींचा प्रत्यय देणारी एक हकिकत अमेरिकेतील अलाबामा राज्यात घडली आहे.

महाविद्यालयांमधील क्रीडाचुरस तशी जुनी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची नौकाशर्यत १८२९ मध्ये प्रथम झाली. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत १८५२ मध्ये एका सरोवरावर झाली. त्या देशातील दोन महाविद्यालयांमधील ही पहिली क्रीडास्पर्धा मानली जाते. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे, या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. कंपनीची गाडी त्या सरोवराकडे जात होती आणि तिला प्रवासी हवे होते. दोन संस्थांच्या अभिमानाची गाठ पडली की प्रेक्षक आपोआप जमतात, हे त्या कंपनीने तेव्हाच ओळखले होते.

अलाबामात दोन मोठी विद्यापीठे आहेत. टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ १८३१ मध्ये सुरू झाले. ऑबर्न येथील संस्था १८७२ पासून कृषी आणि यंत्रविद्येचे शिक्षण देणारी शासकीय संस्था म्हणून वाढली. एकीकडे वकील, डॉक्टर आणि राजकारणी घडवणारे विद्यापीठ, तर दुसरीकडे शेतकरी आणि अभियंते घडवणारे, अशी त्यांची जुनी ओळख. या दोहोंमध्ये अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याच्या खेळाचा, पहिला सामना १८९३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात झाला. हे शहर लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांचे. त्यावरून या सामन्याला पुढे ‘आयर्न बाउल’ हे नाव पडले.

१९०७ चा सामना बरोबरीत सुटला आणि त्यानंतर दोन्ही संस्थांमध्ये वाद झाला. वादाचे विषय ऐकण्यासारखे आहेत. खेळाडूंना प्रवासात दररोज किती भत्ता द्यावा, प्रत्येक संघाने किती खेळाडू आणावेत आणि पंच कोठून बोलवावेत, एवढ्यावरून बोलणी फिसकटली. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु माघार कोणी घ्यायची, हा प्रश्न रकमेपेक्षा मोठा ठरला. परिणामी पुढील ४१ वर्षे एकाच राज्यातील हे दोन संघ एकमेकांविरुद्ध मैदानात उतरले नाहीत. भागीदारीत किरकोळ हिशेबावरून अबोला धरलेली घराणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. ज्यांनी वाद घातला ते निवृत्त झाले, काहींचे निधन झाले, तरी अबोला वारशाने पुढे चालू राहिला. अखेर राज्याच्या विधिमंडळालाच मध्यस्थी करावी लागली आणि १९४८ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी-अध्यक्षांनी बर्मिंगहॅममधील एका उद्यानात खड्डा खणून एक कुऱ्हाड पुरली. वैर संपल्याची ती खूण होती. अलाबामाने तो सामना ५५-० असा जिंकला.

अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च राष्ट्रीय पातळीवरील एकही संघ नाही. त्यामुळे राज्यातील साऱ्या क्रीडाप्रेमींची निष्ठा या दोन विद्यापीठांतच विभागली गेली आहे. ज्यांनी महाविद्यालयाची पायरीही कधी चढलेली नाही, असे असंख्य लोक लहानपणापासून एकाचे किंवा दुसऱ्याचे होतात. अशांना तेथे ‘पदपथावरचे माजी विद्यार्थी’ असे गमतीने म्हणतात. टस्कलूसा शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख आणि तेथील मैदानाची आसनक्षमताही जवळपास तेवढीच, यावरून या वेडाची कल्पना यावी. आयर्न बाउल बहुधा ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला लागून येतो. साऱ्या कुटुंबाने एकत्र जेवण्याचे ते दिवस. पती एका संघाचा आणि पत्नी दुसऱ्या संघाची, अशी घरे तेथे थोडी नाहीत, आणि आपले घर विभागलेले असल्याची पाटी ती मंडळी मोटारीवर हौसेने लावतात.

ऑबर्नच्या मुख्य चौकात एक जुने औषधांचे दुकान आहे. शेल्डन टूमर या गृहस्थांनी ते १८९६ मध्ये काढले. ते ऑबर्नच्या पहिल्या फुटबॉल संघातील खेळाडू होते. पुढे त्यांनी गावात बँकही स्थापन केली आणि विधिमंडळातही काम केले. विद्यापीठाचा माजी विद्यार्थी त्याच गावात दुकान मांडतो, तेथे जम बसवतो आणि चौकाला त्याच्या दुकानाचे नाव पडते, हा क्रम आपल्याकडील बाजारपेठांतही ओळखीचा वाटेल. परगावी सामना जिंकल्याची तार दुकानात आली, की नोकर तारेच्या कागदी फिती रस्त्यावरील तारांवर भिरकावीत, अशी आख्यायिका आहे. पुढे त्या फितींची जागा पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्यांनी घेतली. चौकातील दोन मोठे ओक वृक्ष विजयाच्या रात्री कागदाने पांढरेशुभ्र व्हावेत आणि त्यांखाली आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी जमावे, ही तेथील प्रथा झाली.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी टस्कलूसा येथे आयर्न बाउल झाला. अलाबामाने प्रारंभी २४-० अशी आघाडी घेतली. सामना संपल्यात जमा होता. परंतु ऑबर्नने तेथून उभारी घेतली आणि २८-२७ असा विजय मिळवला. पुढे त्या मोसमाचे राष्ट्रीय विजेतेपदही ऑबर्नलाच मिळाले.

अलाबामाच्या एका कट्टर चाहत्याला हा पराभव सहन झाला नाही. त्यातच आपल्या संघाच्या दिवंगत प्रशिक्षकांच्या पुतळ्यावर ऑबर्नच्या खेळाडूचा अंगरखा चढवला गेल्याचा राग त्याच्या मनात होता. हा गृहस्थ निवृत्त पोलीस होता. रात्रीच्या वेळी तो ऑबर्नला गेला आणि त्या दोन्ही वृक्षांच्या मुळांशी त्याने अत्यंत तीव्र तणनाशक ओतले. जानेवारी २०११ मध्ये त्याने एका नभोवाणी कार्यक्रमात दूरध्वनी करून, खोटे नाव सांगून, ही गोष्ट अभिमानाने जाहीर केली. विद्यापीठाने मातीची तपासणी करवली, तेव्हा ते खरे निघाले. कृषिशास्त्राची दीर्घ परंपरा असलेल्या त्या विद्यापीठातील तज्ज्ञांनी मुळांभोवतीची माती काढली, विष शोषून घेण्यासाठी कोळशाची भुकटी घातली, दोन वर्षे खटपट केली. वृक्ष वाचले नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये ते तोडावे लागले.

या प्रकरणातील सर्वांत विचारात पाडणारी बाब अशी की, हा मनुष्य अलाबामा विद्यापीठात कधीच शिकलेला नव्हता. तेथील वर्गात तो बसला नव्हता, तेथील एकाही प्राध्यापकाचे ऋण त्याच्यावर नव्हते. तरीही त्याने आपल्या अपत्यांची नावे त्या संघाच्या रंगावरून आणि प्रशिक्षकांवरून ठेवली होती. जो खरोखर एखाद्या संस्थेत शिकतो, त्याच्या अभिमानाला अनेक आधार असतात. एखादे चांगले शिक्षक, वसतिगृहातील मित्र, परीक्षेची धास्ती, हाताला मिळालेली विद्या. संघ हरला तरी हे सारे शिल्लक राहते. ज्याच्या अभिमानात केवळ धावफलक आहे, त्याच्याजवळ पराभवानंतर काहीच उरत नाही. मग आपल्या संघाचा विजय आणि प्रतिपक्षाचा अपमान यांतला फरक त्याला कळेनासा होतो, आणि विजय हाती लागला नाही तर तो अपमानाच्या शोधात निघतो.

व्यापाराची वही ज्यांनी लिहिली आहे, त्यांना यातील चूक चटकन दिसेल. समोरच्या दुकानाला तोटा झाला म्हणून आपल्या वहीत एक पैसाही जमा होत नाही. दोन ओक वृक्ष वाळले, परंतु त्यामुळे २८-२७ हा निकाल बदलला नाही आणि अलाबामाच्या कीर्तीतही भर पडली नाही. उलट अलाबामाचे नाव जगभर एका लाजिरवाण्या बातमीशी जोडले गेले. ज्याच्या प्रतिष्ठेसाठी हे केले असे तो म्हणत होता, त्याच्याच खात्यावर ते नावे पडले. त्या गृहस्थाने २०१३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला तुरुंगवास झाला आणि सुमारे ८ लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश मिळाला. २०२० मध्ये त्याचा मृत्यू झाला, तोपर्यंत त्यातील फारच अल्प रक्कम भरली गेली होती.

परंतु हकिकत येथे थांबत नाही. विषप्रयोगाची बातमी फुटताच अलाबामाच्याच काही चाहत्यांनी एक निधी उभारला आणि वृक्षांसाठी सुमारे ५० हजार डॉलर जमवून ऑबर्नला दिले. ज्याने झाड मारले तोही अलाबामाचा आणि ज्यांनी झाडासाठी पैसे दिले तेही अलाबामाचेच. दोघांच्याही अंगावर एकाच रंगाचे कपडे होते. त्या रंगाचा अर्थ काय घ्यायचा, हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवले होते.

या घटनेला दोन-तीन महिने होतात न होतात, तोच २७ एप्रिल २०११ रोजी टस्कलूसावर प्रचंड चक्रीवादळ कोसळले. वस्त्यांच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. त्या एका वादळाच्या मार्गात ६४ जणांचे प्राण गेले. ऑबर्नच्या चौकातील वृक्ष तेव्हा वाळत होते. मनात धरायचे म्हटले तर कारण ताजे होते. तथापि ऑबर्नच्या चाहत्यांनी ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ या नावाने मदतगट स्थापन केला. अन्न, पाणी, औषधे, कपडे गोळा झाले, वाहने भरून टस्कलूसाकडे निघाली, स्वयंसेवक ढिगारे उपसण्यास गेले. ज्या चौकाचा घात झाला होता, त्याच चौकाचे नाव त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या मदतीला दिले, हे विशेष.

असे औदार्य एका दिवसात उत्पन्न होत नाही. त्याला सवयीची जमीन लागते, आणि ती या दोन विद्यापीठांनी काही प्रथांमधून तयार केली होती. आयर्न बाउल जिंकणाऱ्या संस्थेला जेम्स फॉय यांच्या नावाचा खिलाडूवृत्तीचा करंडक दिला जातो. हे फॉय अलाबामाचे माजी विद्यार्थी आणि ऑबर्नचे विद्यार्थी-कल्याण प्रमुख होते, म्हणजे दोन्ही घरांचे. बास्केटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात हा करंडक प्रदान होतो, आणि पराभूत विद्यापीठाच्या विद्यार्थी-अध्यक्षाने सर्वांसमोर विजेत्यांचे गीत गायचे, असा तेथील रिवाज आहे. हजारो लोक हसतात, गाणारा विद्यार्थीही हसतो. पराभव चारचौघांत, हसतमुखाने स्वीकारण्याचे हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

दुसरी प्रथा १९९४ पासूनची आहे. सामन्याच्या आधीच्या काही आठवड्यांत दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी गरजूंसाठी अन्नधान्य गोळा करतात आणि कोणाचे संकलन अधिक भरते, याची स्पर्धा लावतात. येथेही ‘त्यांना हरवा’ हीच घोषणा असते, ईर्षाही तीच असते. परंतु कोणीही जिंकले तरी धान्य अन्नपेढीतच जाते.

आपल्या घरांतील मुलेमुली आज पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत जातात, कित्येक परदेशी विद्यापीठांतही शिकतात. परत येताना पदवीबरोबर ते त्या संस्थेचा अभिमानही घेऊन येतात. त्यांच्या अंगरख्यावर संस्थेचे नाव असते, मित्रमंडळींत चढाओढीच्या गोष्टी असतात. हा अभिमान वडीलधाऱ्यांनी कौतुकाने ऐकावा, दडपू नये. मात्र एखाद्या दिवशी जेवताना सहज विचारावे, की बाळा, सामना सोडून तुझ्या कॉलेजची आणखी कोणती गोष्ट तुला आवडते? मुलगा शिक्षकांबद्दल, मित्रांबद्दल, शिकलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल भरभरून बोलू लागला, तर काळजीचे कारण नाही. उत्तरादाखल तो केवळ दुसऱ्या कॉलेजची निंदा करू लागला, तर मात्र त्याच्याशी थोडे अधिक बोलण्याची गरज आहे. हाच प्रश्न कधीकधी मोठ्यांनीही स्वतःला विचारावा, कारण ज्याने वृक्षांना विष घातले तो कोणी कोवळा विद्यार्थी नव्हता, त्याने साठी ओलांडलेली होती.

ऑबर्नच्या चौकात २०१५ मध्ये नवे ओक लावण्यात आले. २०१६ मध्ये विजयाच्या रात्री झाडावरील कागदाला कोणीतरी आग लावली आणि २०१७ मध्ये पुन्हा नवी झाडे लावावी लागली. गावाने कंटाळा केला नाही. आजही त्या चौकात ओक वृक्ष आहेत.