बांधावरचे कवठ

सोनपेठ-गंगाखेडच्या गंगथडीपासून जिंतूरच्या डोंगरउतारापर्यंत परभणी जिल्ह्यात बांधाबांधावर जो काटेरी, मंद गतीने वाढणारा, अवर्षणालाही सहसा दाद न देणारा वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला, त्या कवठाची किंमत आज जळणाच्या भावाने व्हावी, ही गोष्ट मला अत्यंत खेदजनक वाटते.

कच्चे कवठ ग्राही परंतु कंठाला बाधक, पिकलेले मधुराम्ल व रुचिकर, असा विवेक आपल्या वैद्यकाने फार पूर्वी केला. आणि ज्यात साखर सहा भाग तर कवठाचा गर आठ भाग सांगितला आहे, ते कपित्थाष्टक चूर्ण अतिसार व ग्रहणी या विकारांत वैद्य आजही योजतात. (दुखणे बळावल्यास मात्र केवळ चूर्णावर विसंबू नये.)

स्वयंपाकघरातील त्याचे स्थान तर याहूनही जिव्हाळ्याचे. फळ जमिनीवर टाकावे; उसळले तर कच्चे, धप्पकन पडून राहिले तर पिकलेले. महाशिवरात्रीच्या सुमारास असे पिकलेले कवठ फोडून, त्यातला तपकिरी, बियाळ, उग्र आंबूस वासाचा गर गूळ, जिरे, मीठ आणि लाल तिखटासह पाट्यावर रगडला म्हणजे जी चटणी होते, तिच्यापुढे ज्वारीच्या भाकरीला अन्य कालवणाची अपेक्षाच उरत नाही. गरात पेक्टिन विपुल असल्याने जेलीही उत्तम बसते. नरसोबाच्या वाडीला येणारा यात्रेकरू कवठाची बर्फी आवर्जून घरी नेतो. मग गंगथडीच्या कवठाला तो मान का मिळू नये?

बीपासून वाढलेल्या झाडाला फळ धरावयास दहा-पंधरा वर्षेही लागतात, म्हणून ट्रॅक्टरच्या सोयीसाठी बांध मोडताना तोडलेले कवठ, पुन्हा लावले तरी, तोडणाऱ्याच्या उतारवयातच फळणार. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद करण्याची सोय आहे. ती शेतकऱ्यांनी कसोशीने करावी, तलाठ्यांनी तिची शहानिशा करावी, आणि १९७२ पासून परभणीत असलेल्या कृषी विद्यापीठाने त्या नोंदींच्या आधारे गोड, भरपूर गराची झाडे हेरून, लवकर फळणारी त्यांची कलमे वाजवी दरात शेतकऱ्यांना पुरवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुनी झाडे उभी आहेत तोवरच हे काम व्हावयास हवे.