वर्गणी भरली, पण ठेवा कुणाकडे?

व्हीसीडीच्या काळात उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली सीडी निदान घरच्या कपाटात राहायची. 2016 मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी जिओने डेटा स्वस्त केला आणि बदलापूर लोकलच्या गर्दीतही मोबाइलवर मालिका पाहणे अंगवळणी पडले. सोय झाली, यात वाद नाही. पण वर्गणीतून मिळते ती केवळ पाहण्याची मुभा, तीही कंपनीकडे हक्क असेपर्यंत. व्हूट हे ॲप 2023 मध्ये जिओसिनेमात विरले. पुढे 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टारचे जिओहॉटस्टार झाले. अशा प्रत्येक उलथापालथीत काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे नफ्यातोट्याचा हिशेब ठरवतो. फाळणीनंतरच्या निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात सिंधी प्रेक्षक मोठा आहे. तरी 1958च्या ‘अबाणा’सारखा सिंधी चित्रपट त्या हिशेबात बसणे कठीणच. जुन्या मराठी चित्रपटांची गत फार वेगळी नाही.

जतन हे कंपन्यांचे काम नव्हे, त्यासाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, असे कुणी म्हणेल. ते खरेच; संग्रहपाल पी. के. नायर यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग मिळवून तिथे ठेवला. पण तो एका माणसाच्या ध्यासामुळे वाचला, कायद्यामुळे नाही. पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात देणे 1954च्या कायद्याने बंधनकारक आहे. केवळ ऑनलाइन झळकणाऱ्या वेबमालिकेवर तसे बंधन नाही. फ्रान्सने मात्र 1992 मध्येच दूरचित्रवाणीचे कार्यक्रम अशा सक्तीखाली आणले. तशी सक्ती इथे आली आणि प्रत बाहेर गेली की ती फुटेल, ही निर्मात्यांची भीती नकली मालासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या उल्हासनगरच्या पट्ट्यात तरी हसण्यावारी नेता येणार नाही. मात्र जमा केलेली प्रत हक्क संपेपर्यंत कुलपात ठेवता येते, अभ्यासकाला तिथेच बसून दाखवता येते. उलट अधिकृत प्रत कुठेच मिळेनाशी झाली की चोरट्या प्रतीलाच मागणी येते. मग ज्याने त्याने आपापली सीडी सांभाळावी, हेही उत्तर नव्हे. घरातली वस्तू किती सुरक्षित असते, हे उल्हास नदीने बदलापूरकरांना 2005 आणि 2019 मध्ये दाखवले आहे. पुण्याच्या संग्रहालयाचीही नायट्रेट फिल्मवरची जुनी रिळे 2003च्या आगीत जळाली. शिवाय डिजिटल फाइल नुसती ठेवून टिकत नाही. दर काही वर्षांनी ती नव्या साधनावर, नव्या स्वरूपात उतरवावी लागते, आणि त्याला पैसा लागतो. म्हणून सगळेच एकदम जतन करण्याचा हट्ट नको. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कलाकृतीची पूर्ण दर्जाची प्रत दोन वेगळ्या शहरांत ठेवणे, इथून सुरुवात करता येईल.