डेटा ढीगभर, तरी मॉडेल का फसतं? डेटा सेंटरच्या कूलिंगमागची गोष्ट

चांदिवलीत डेटा सेंटर आहे, हे शेजारच्या पवईत राहणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं. एक्विनिक्स कंपनीने २०२१ मध्ये जीपीएक्सचा भारतातला व्यवसाय विकत घेतला, त्यात मुंबईतली दोन सेंटर होती. आता नवी मुंबईतही अशी सेंटर उभी राहतायत आणि त्यांच्या बातम्यांत एक दावा बऱ्याचदा दिसतो: ‘कूलिंग एआय सांभाळणार.’ हा दावा नीट तपासायला हवा, कारण कूलिंगला वीज भरपूर लागते.

नेमकं अवघड काय आहे?

सर्व्हर थंड ठेवायला बटणं अनेक असतात: पंख्यांचा वेग, थंड पाण्याचा प्रवाह, पाण्याचं तापमान. एक बटण फिरवलं की अनेक रॅकचं तापमान बदलतं आणि विजेचा वापरही. ही झाली मल्टिव्हेरिएबल सिस्टिम. कोणत्या बटणाचा कशावर, किती आणि किती वेळाने परिणाम होतो, हे मोजमापांवरून शोधायचं म्हणजे सिस्टिम आयडेंटिफिकेशन.

तुम्ही म्हणाल, सेन्सर तर हजारो आहेत, मग अडतंय कुठे? अडतं ते रोजच्या डेटामुळेच. समजा, कंट्रोलर उत्तम चालतोय. लोड वाढला की तो पंखा वाढवतो आणि तापमान २४ वरून हलतच नाही. आता फक्त हा डेटा बघून मॉडेल बनवलं, तर ते म्हणेल, ‘पंख्याचा तापमानाशी संबंधच नाही!’ कंट्रोलर जितका चांगला, तितका त्याचा डेटा फसवा.

पवईतला छोटा प्रयोग

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या गटाने ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ बनवली. टेबलावर मावणारा बोर्ड, त्यावर स्टीलची पातळ पट्टी, ती तापवणारा हीटर, गार करणारा पंखा आणि एक सेन्सर. विद्यार्थ्यांना ती इंटरनेटवरूनही चालवता येईल अशी सोय केली गेली. हीटर आणि पंखा कायम एकत्रच वाढवले, तर कोणी काय केलं ते कळत नाही. म्हणून एक स्थिर ठेवून दुसरा मुद्दाम वर-खाली करायचा, किंवा दोन्ही वेगवेगळ्या पॅटर्नने हलवायचे.

मोठ्या सेंटरमध्ये

गूगलने २०१६ मध्ये डीपमाइंडच्या मदतीने कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचवल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये सिस्टिम स्वतः बटणं फिरवू लागली, तेव्हा बचत सुरुवातीला १२ टक्के होती, काही महिन्यांत ती सुमारे ३० टक्क्यांवर गेली. म्हणजे बटणं फिरवत, परिणाम बघत ती सुधारली. तेही सुरक्षिततेच्या मर्यादा आखून आणि ताबा परत घेण्याची सोय माणसाच्या हातात ठेवून.

खरी ओढाताण इथेच आहे. शिकायचं तर तापमान थोडं हलवावं लागतं, आणि चालू सेंटरमध्ये ते हलवायला कोणीच पटकन तयार होत नाही. त्यात आपली हवा. कूलिंग टॉवर पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकतो, पण दमट हवेत ते नीट जमत नाही. जानेवारीत बनवलेलं मॉडेल जूनमध्ये जसंच्या तसं चालेल, असं समजू नका.

तर पुढच्या वेळी ‘एआय कूलिंग’ वाचलं की ‘किती डेटा?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. विचारा: बटणं मुद्दाम हलवून पाहिली का? आणि पावसाळ्यात पाहिली का?